गुडघ्याखालची उशी

तिच्या हाताखालून गेलेले पेशंट पाठीमागे तिला 'कसाईण' म्हणत. तिला हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडायचंही. गुडघा बदलून घेतलेली माणसं तिच्या क्लिनिकमध्ये यायची ती असा चेहरा करून, की जगात पहिल्यांदा सुरी चालली ती जणू यांच्यावरच. ती त्यांना पलंगावर उताणं निजवायची, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी सरकवायची, म्हणजे गुडघा अधांतरी राहायचा. मग मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, दोन्ही तळवे टेकवून अंगाचा भार हळूहळू सोडायची. माणूस बोंबलायला लागला की थंडपणे विचारायची, "घरी गुडघ्याखाली उशी घेता का?"

माणूस खोटं बोलायचा. शेजारी उभी असलेली बायको खरं सांगायची.

उशीवर तिचा दात होता. ऑपरेशन झालेला गुडघा किंचित वाकवून ठेवला की दुखणं कमी होतं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. त्यात खाली मऊ उशी आली की माणसाला स्वर्ग दोन बोटं उरतो, आणि तिथेच घात होतो. आतली जखम भरता भरता आखडते, मांडीमागचे स्नायू तोकडे पडतात, आणि गुडघा त्या वाकड्या जागीच ठाण मांडून बसतो. वाकायला कमी पडला तर मागाहून ओढूनताणून थोडंफार मिळवता येतं. सरळ व्हायचा राहिला तर राहिला. मग माणूस जन्मभर एक पाय आखूड असल्यासारखा लंगडतो, कंबर धरते, आणि सगळा भार पडून दुसरा पायही खलास होतो. हे टाळायला सुरुवातीचे थोडे आठवडे तेवढे हातात असतात. त्या आठवड्यांत पेशंटवर जो दया करतो तो त्याचा वैरी, असं ती नातेवाइकांना तोंडावर सांगायची, आणि नातेवाईक चपापून घरी जाऊन उशी उचलायचे.

तिची आणखी एक पद्धत होती. पहिल्या दिवशी, पायाला हात लावायच्या आधी, ती प्रत्येकाला विचारायची, "गुडघा बरा झाल्यावर काय करायचंय?" कुणाला बागेतलं तण काढायचं असायचं, कुणाला नातवाच्या मागे धावायचं असायचं. एका निवृत्त ड्रायव्हरला फक्त गाडीचा क्लच दाबायचा होता. जे काही असेल ते ती ध्यानात ठेवायची आणि ऐन कळ येण्याच्या वेळी कानाशी वाकून म्हणायची, "क्लच दाबायचाय ना काका? मग मला दाबू द्या." काका दातओठ खायचे, पण पाय ओढून घ्यायचे नाहीत. ज्याला पुढे काही करायचंच नाही त्याचा गुडघा सुटत नाही, हे तिने इतक्या वर्षांत पक्कं ओळखलं होतं.

आपल्या आईला मात्र तिने हे विचारलं नाही.

विचारायची गरजच कुणाला वाटली नव्हती. आईचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. वडील गेल्यापासून ती तिथे एकटी राहायची. उजवा गुडघा पार झिजला आणि जिना म्हणजे डोंगर झाला, तेव्हा ऑपरेशन ठरलं. थोरल्या भावाच्या इमारतीला लिफ्ट होती, म्हणून आईने त्याच्याकडे राहायचं हेही ठरलं. दादाने हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत, सगळं स्वच्छ करून टाकलं. "गुडघा बरा होईपर्यंत आई आमच्याकडे. जिने चढायला लागली की आपल्या घरी. तिचं तिला बरं असतं."

व्हीलचेअरमधल्या आईने मान हलवली. ती हो म्हणाली की नाही ते कुणी नीट पाहिलं नाही. आणि आपली कसाईणबाई तर उत्साहाने म्हणाली, "बरोबर आहे दादाचं. समोर ध्येय असलं की पेशंट लवकर उभा राहतो. आईचं ध्येय जिने!" आईच्या पायाचं ध्येय दोघा भावंडांनी व्हरांड्यात उभ्याउभ्या ठरवून टाकलं आणि मग चहा प्यायला गेली.

दादाचा मुलगा शिकायला परगावी होता, त्याची खोली आईला मिळाली. भिंतीवर लांब केसांच्या गिटारवाल्यांची पोस्टरं होती. एकाने तोंड आ वासून डोळे मिटले होते. पहिल्या आठवड्यात आई त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा बिचारा माझ्यासारखाच दिवसभर बोंबलतो. पण त्याला कुणी दाबत नाही." वहिनी पदार्थ करून आणायची, केस विंचरून द्यायची, पायावर बर्फाची पिशवी ठेवून शेजारी गप्पा मारत बसायची. वहिनी मुळात जीव लावणारी बाई. आई इतकी हसताना मुलीने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

क्लिनिक संपलं की ती रोज दादाकडे जायची. सुरुवात झकास झाली. टाके निघायच्या आधीच आईचा गुडघा असा वाकायला लागला की ती पलंगाच्या कडेला बसून पाय मागेपुढे झुलवून दाखवायची. सून, मुलगा, शेजारीण, सगळ्यांना ते नाटक बघावं लागायचं. मुलीची छाती अभिमानाने फुगली. आईचा नव्हे, आपल्या हातांचा अभिमान.

पण सरळ व्हायचं नाव गुडघा घेईना. ती रोज दाबायची, मांडी आणि पोटरी यांच्यामधला वाकडेपणा डोळ्याने मोजायची, मग कोन मापायची प्लॅस्टिकची पट्टी लावून बघायची. संध्याकाळी ती जेवढा मिळवून जायची तेवढा दुसऱ्या दिवशी आल्यावर गेलेला असायचा. घाबरलेल्या माणसाचा गुडघा वाकतच नाही. हा वाकत होता झकास आणि अडत होता फक्त सरळ होताना. असे गुडघे तिने शेकड्यांनी पाहिले होते. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते तिला चांगलं ठाऊक होतं.

एका संध्याकाळी तिने आईचा पाय उचलून खालून पाहिलं. गुडघ्याच्या मागच्या लवणीत आडवी लाल रेघ होती. अभ्र्याच्या शिवणीची. नुकतीच उमटलेली.

ती तडक स्वयंपाकघरात गेली. "वहिनी, मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?"

"काय?" वहिनी ओट्याशी होती, हात ओले.

"गुडघ्याखाली उशी द्यायची नाही. आई कितीही कण्हली तरी द्यायची नाही. सांगितलं होतं की नाही?"

"मी नाही दिली."

"मग काय उशी आपल्या पायांनी चालत आली? तिला तर नीट उभंही राहता येत नाही. वहिनी, तुला वाटतं तू तिला आराम देते आहेस. तू तिचा पाय मोडते आहेस. मी दिवसभर मरमर मरायचं आणि तू रात्रभर त्याच्यावर पाणी ओतायचं. माझ्याच माणसांत माझ्या कामाची ही किंमत?"

वहिनीने नळ बंद केला. पदर नव्हता, की तोंड लपवायला आडोसा नव्हता, ती तशीच समोर उभी राहिली. "आईंना विचार. मी दिली असेल तर आई सांगतील."

दोघी खोलीच्या दारात आल्या. आईने सगळं ऐकलं होतं. ती काही बोलली नाही. भिंतीवरच्या बोंबलणाऱ्या गिटारवाल्याकडे बघत राहिली. वहिनीने बराच वेळ वाट पाहिली. मग ती नणंदेकडे वळली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला 'तुम्ही' म्हणाली. "ठीक आहे. आजपासून तुमच्या आईच्या बिछान्याला मी हात लावणार नाही. तुमची आई, तुमचा गुडघा."

आणि बाई शब्दाची पक्की निघाली. जेवणाचा ट्रे वेळेवर यायचा, औषधं वेळेवर यायची, पण दारापाशीच्या टेबलावर. गप्पा बंद झाल्या. केस विंचरणं बंद झालं. आपल्या फिजिओबाईंना त्याचं काही विशेष वाटलं नाही. उलट त्यांना वाटलं, बरं झालं, निदान लाड तरी थांबले. आता गुडघा सुटेल.

गुडघा सुटला नाही.

मग एक दिवस दुपारचा एक पेशंट आलाच नाही, आणि ती वेळेच्या बरीच आधी दादाकडे पोहोचली. वहिनी बाहेर गेली होती. स्वतःकडची किल्ली लावून ती आत शिरली. आईच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, आणि फटीतून तिला आई दिसली. आई पलंगाच्या कडेला बसून वॉकरच्या पायाने कपाटाचा खालचा खण ओढत होती. खण उघडला. आईने वॉकर उलटा धरला, त्याचा दांडा आत घातला, आणि नातवाची जाडजूड निळी उशी अशी अल्लद वर काढली की हा उद्योग रोजचा आहे हे आंधळ्यालाही कळावं. मग ती पाय लांब करून निजली. टाचेखालची गुंडाळी काढून बाजूला ठेवली. उशी गुडघ्याखाली घातली, जरा इकडे, जरा तिकडे, मनासारखी बसेपर्यंत. आणि डोळे मिटले.

मुलगी दार ढकलून आत आली. आई दचकली नाही. उशीही लपवली नाही.

"तू," मुलगी म्हणाली. "तू स्वतः?"

"बस," आई म्हणाली.

"अगं, तुला कळतंय का काय करतेस? पाय कायमचा वाकडा होईल. मी तुला सांगितलं नव्हतं? अगदी चित्र काढून?"

"सांगितलंस की. चांगलं समजावून सांगितलंस. म्हणून तर ठेवते."

मुलगी खुर्चीवर बसली.

"गुडघा बरा झाला की मला वर नेऊन सोडणार आहात," आई म्हणाली. आवाजात रडं नव्हतं. बाजारात काय मिळालं आणि काय नाही ते सांगावं तसं ती सांगत होती. "तुझा दादा रोज ऑफिसला जाताना विचारतो, किती सरळ झाला? त्याला वाटतं मला बरं वाटावं म्हणून विचारतो. मला कळतं कशासाठी ते. तिथे वर मी सकाळी उठते ती रेडिओशी बोलते. एकदा न्हाणीघरात पडले, तर दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने दार वाजवेपर्यंत तशीच होते. तुम्हाला सांगितलं नाही. काय सांगायचं? इथे निदान भांड्यांचा आवाज येतो. कुणी भांडलं तरी माणसाचा आवाज असतो."

"आणि वहिनी? तिला मी नाही नाही ते बोलले. तू गप्प बसलीस."

"बसले," आई म्हणाली. "ते चुकलंच. पण तेव्हा बोलले असते तर उशी गेली असती."

बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न किरकिरत राहिला. मुलगी त्या निळ्या उशीकडे बघत होती. एवढी वर्षं तिला वाटत होतं, माणसं उशी घेतात ती दुखतं म्हणून.

"तू म्हणे सगळ्यांना विचारतेस," आई म्हणाली. "बरं झाल्यावर काय करायचंय म्हणून. तूच सांगत होतीस ना, त्या ड्रायव्हरचं? मला नाही विचारलंस."

"विचारते. सांग."

"तुझ्याकडे येऊन राहायचंय."

काही प्रश्न असे असतात की विचारणाऱ्याच्याच अंगाशी येतात. मुलीचं घर तळमजल्यावर होतं. दारात एकसुद्धा पायरी नव्हती. बाथरूममध्ये भिंतीला धरायला दांडा होता, तोही तिने स्वतः बसवून घेतलेला, पेशंटना नमुना म्हणून दाखवायला. एक खोली रिकामी होती, तिच्यात कपडे वाळायचे. गुडघा बदललेल्या म्हाताऱ्या बाईसाठी शहरात याहून सोयीचं घर शोधून सापडलं नसतं, आणि हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

"मी दिवसभर क्लिनिकमध्ये असते," ती म्हणाली. "तुला तिथेही एकटंच वाटेल. आणि यांना विचारावं लागेल."

"बरं," आई म्हणाली.

यांना विचारायची तर गरजच नव्हती. नवऱ्यानेच ऑपरेशनच्या आधी आपणहून विषय काढला होता, "आईंना आपल्याकडेच आणूया का?" म्हणून. ती म्हणाली होती, नको, दादाला वाईट वाटेल. खरं कारण तिने कधी स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं, पण त्या खुर्चीवर बसल्या बसल्या ते समोर येऊन उभं राहिलं. तिला आई नको होती. आईचा गुडघा हवा होता. गुडघ्यावर ती जीव ओवाळून टाकायला तयार होती, पण त्या गुडघ्याच्या वर जी बाई होती तिच्याजवळ तासभर नुसतं बसणं तिच्या जिवावर यायचं. याच बाईने ती हा धंदा शिकायला निघाली तेव्हा नाक मुरडून विचारलं होतं, "म्हणजे लोकांचे पाय चेपणार?" मुलाने मात्र काहीही केलं तरी कौतुक. आयुष्यभर सगळं दादाला दिलं, आणि आता गरज पडली तेव्हा मी. हा हिशेब चुकीचा नव्हता. पण तो गुडघ्यावर चुकता होत होता.

तिने उशी काढून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली, जिथे वॉकर पोहोचणार नाही. त्या दिवशीही तिने दाबलं. आई मुकाट पडून राहिली.

दादाला तिने काही सांगितलं नाही. वहिनीची माफीही मागितली नाही, कारण ती मागायची तर सगळंच सांगावं लागलं असतं. या गप्प बसण्याला तिने मनातल्या मनात आईवरची दया असं नाव दिलं. पेशंटच्या नातेवाइकांना ती दयेबद्दल काय सांगायची ते तिला आठवलंही असेल, पण तिने तिकडे कानाडोळा केला. चार दिवसांनी गुडघ्यामागे पुन्हा लाल रेघ दिसली. आईने आता उशीच्या जागी घडी घातलेलं पांघरूण घेतलं होतं. ते तर तिच्या अंगावरच असायचं. मुलीने ती रेघ पाहिली आणि पाय खाली ठेवला. त्यानंतर रोज येणं दिवसाआड झालं, मग जमेल तसं. कामाचा रेटा होता, आणि तो खराच होता.

आठवडे गेले. आई वॉकर सोडून काठीवर आली. उजवा पाय वाकडा तो वाकडाच. प्रत्येक पावलाला ती एका अंगाला कलायची, आणि भार घेऊन घेऊन डावा गुडघा सुजायला लागला. सर्जनने नवा फोटो काढला, खिडकीशी धरून पाहिला आणि म्हणाला, "सांधा अप्रतिम बसलाय. माझ्या बाजूने काही बाकी नाही." बोलताना त्याने फिजिओबाईंकडे पाहिलं. पुन्हा उघडून सैल करायचं का, असं दादाने विचारलं, तर या वयात, आधीच थकलेल्या हृदयाला ते पुन्हा झेपणार नाही, म्हणून त्याने काखा वर केल्या. तिला इतकं अपमानित कधीच वाटलं नव्हतं. गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "डॉक्टर चांगला आहे."

त्याच आठवड्यात दादाने तिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. वहिनी समोर होती. आई आत झोपली होती, किंवा झोपल्यासारखी पडली होती.

"डॉक्टरीणबाई, एकच सांग," दादा म्हणाला. तो तिला लहानपणापासून तशीच हाक मारायचा, पण आज त्यात थट्टा नव्हती. "तुझ्या अनुभवाने सांग. ती जिने चढेल का?"

या प्रश्नाला खोटं उत्तर देण्याची तिच्या जिभेला सवयच नव्हती. "नाही."

"वर्षभराने?"

"नाही. आता नाही."

"मग झालं तर." दादाने सुस्कारा टाकला, आणि त्याचे खांदे खाली आले. "हिलाही आता होत नाही. मुलगा सुटीला येईल त्याला खोली लागेल. शहराबाहेर एक जागा आहे, म्हाताऱ्या माणसांसाठी. मी जाऊन बघून आलो. सगळं तळमजल्यावर, जिना औषधाला नाही. चोवीस तास बाया. फिजिओसुद्धा येतो म्हणे."

तिने वहिनीकडे पाहिलं. ही तीच बाई होती, जी बर्फाची पिशवी धरून आईजवळ बसायची. ती भांडणाच्या आधीची वहिनी असती तर म्हणाली असती, राहू दे, पडल्या असतात एका कोपऱ्यात, मला काही जड नाहीत. त्या वहिनीला स्वयंपाकघरात उभं करून कुणी घालवलं ते दोघींनाही ठाऊक होतं.

"तुमच्याकडेही तळमजलाच आहे ना?" वहिनी म्हणाली.

"मी दिवसभर क्लिनिकमध्ये असते, वहिनी."

"हो," वहिनी म्हणाली. "तुम्ही कामात." आणि उठून तिने टेबलावरचे कप उचलले.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. आई कधी स्वतःहून फोन करायची नाही. "आज ये," एवढंच बोलली.

ती गेली तेव्हा आई पलंगावर उताणी निजून तयार होती. पांघरूण पायथ्याशी घडी करून ठेवलेलं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, तीही आईने स्वतः केलेली, अगदी नीट, शिकवली होती तशी. भिंतीवरचा गिटारवाला तोंड वासून होता.

"सगळं ऐकलं मी काल," आई म्हणाली. "दार उघडंच होतं."

"आई..."

"दाब."

"आई, आता त्याने..."

"जिने चढेन मी. वर जाईन माझ्या घरी. रेडिओशी बोलेन. पण त्या तिकडे अनोळखी बायांच्या हातात नको. दाब तू. मी ओरडणार नाही." तिने उशाचा रुमाल घेतला, त्याचा बोळा केला आणि दातांत धरला.

मुलीने पलंगाशी गुडघा टेकवला. मांडीवर तळवे ठेवले, गुडघ्याच्या जरा वर, आणि अंगाचा भार हळूहळू सोडला. सुटू शकणारा गुडघा हाताला कळतो. तो ओल्या चामड्यासारखा जरा जरा देत जातो, कुरकुरत का होईना. आईचा गुडघा थोडा आला आणि थांबला. त्याच्यापुढे काही नव्हतं. दगडाला हात लावावा तसं होतं. पहिल्याच दाबाला तिला सगळं कळलं. खरं तर ते तिला कितीतरी आठवड्यांपूर्वीच कळलं होतं, लाल रेघ दिसूनही तिने पाय खाली ठेवला त्या दिवशी.

आईच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. पाय तिने ओढून घेतला नाही. असे पेशंट कसाईणीला आवडायचे, असे क्वचित मिळायचे. मग आईने तोंडातला रुमाल काढला.

"म्हण ना," ती धापा टाकत म्हणाली. "दाबताना म्हणतेस ना ते. मला काय करायचंय ते म्हण माझ्या कानात."

मुलगी सवयीने वाकली. तिचं तोंड आईच्या कानाशी गेलं, पांढऱ्या केसांना कित्येक दिवसांत फणी लागली नव्हती. आईला काय करायचं होतं ते तिला ठाऊक होतं, आईने एकदाच, स्पष्ट सांगितलं होतं, आणि त्यात जिने कुठेच नव्हते. ते वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं.

दाबून काही उपयोग नव्हता. पण हात काढला असता तर बोलावं लागलं असतं. म्हणून ती दाबत राहिली.